मोठ्यांसमोर पाय लांब करून

भेटायला आलेल्या माणसांनी मला मरणाच्या दारात नेऊन सोडलं होतं. हे मी बोलले की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी उठून चहा ठेवायला जातं. सासूबाई म्हणतात, नशिबाचे भोग. नवरा म्हणतो, झालं ते झालं, आता कशाला उगाळायचं. नणंद फोनवर सांगते, वहिनी, वाचलीस ना, मग देवाचे आभार मान. वाचले, आभारही मानले. पण वाचलेल्या माणसाला राग यायचाच नाही, असं कुठं ठरलंय? म्हणून बोलायचं सोडून लिहायला बसले आहे.

दुसऱ्या कोणाच्या घरी उद्या ऑपरेशन असेल, तर त्यांनी हे वाचावं. वाचून मला भांडखोर म्हटलं तरी चालेल. देवळीत ते आधीपासूनच म्हणतात.

पाय आणि पोट

देवळीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जून महिना आला की शाळेचे ड्रेस. लग्न होऊन आले तेव्हापासून पायमशीन चालवते. मोटर बसवून घे, असं दिलीप, म्हणजे माझा नवरा, दरवर्षी म्हणतो. पण मला पायानंच बरोबर वेग धरता येतो. सांगायचं कारण, माझे पाय दिवसभर हलते असायचे. पायाचं दुखणं काय असतं ते मला माहीतच नव्हतं.

माझं दुखणं पोटात होतं. पाळीचा त्रास मी काही वर्षं अंगावर काढला, जसा आपण सगळ्याच काढतो. कापड बेतता बेतता डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग खुर्चीत बसून साखर खायची आणि परत कात्री हातात घ्यायची. एकदा गिऱ्हाईक समोर असतानाच मी खाली बसले. तेव्हा माझी मुलगी प्राची मला ओढतच वर्ध्याला सोनोग्राफीला घेऊन गेली. गर्भाच्या पिशवीत गोळे होते, एक तर चांगला मोठा. रक्त इतकं कमी की डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मग दिलीपकडे पाहिलं. रागानंच पाहिलं. मला ते बरं वाटलं. माझ्यासाठी कोणीतरी रागावलं होतं.

पोट उघडूनच पिशवी काढावी लागेल असं ठरलं. घरी आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, मंग दुकानाचं काय? आणि दुसरा, सोयाबीन निघायच्या आधी होईल की नंतर? माझ्या भीतीचा नंबर कुठंतरी तिसरा-चौथा होता. तरी वाईट वाटून घेतलं नाही. आमच्याकडे काळजी अशीच बोलतात, कामाच्या नावानं.

फुगणारे पट्टे

ऑपरेशन वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात झालं. नाव लिहीत नाही, कारण हे कुठंही झालं असतं.

शुद्धीवर आले तेव्हा पोटात आग होती आणि पोटऱ्यांवर कसले तरी पट्टे गुंडाळलेले होते. खाटेच्या पायथ्याशी एक डबा टांगलेला, त्यातून दोन नळ्या पट्ट्यांत गेलेल्या. हवा भरायची, डावी पोटरी आवळायची, थोडं थांबून सोडायची. मग उजवी. बी.पी. मोजताना दंडावरचा पट्टा फुगतो ना, अगदी तसं. भूल उतरत असताना मला वाटलं मी दुकानातच आहे आणि पाय आपोआप चालताहेत. त्या सगळ्या दुखण्यात तेवढं एक बरं वाटत होतं.

सिस्टरनं पट्टे नीट केले, हे काढायचं नाही म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. का काढायचं नाही, ते ती बोलली नाही. तिच्याकडे वॉर्डभर खाटा होत्या, मला कळतं. पण डॉक्टर राऊंडला आले, टाके पाहून गेले. तेही बोलले नाहीत. शेवटी दिलीपनं फरशी पुसणाऱ्या बाईंना विचारलं, हे काय आहे. त्या म्हणाल्या, पाय दाबाची मशीन हाय, पेशंटले बरं वाटते.

झालं. त्या घटकेपासून आमच्या घराच्या लेखी ती पाय दाबायची मशीन झाली. ऑपरेशननंतर माणूस पडून राहिलं की पायातलं रक्त साचतं, त्याची गुठळी होते, ती गुठळी सुटून वर गेली तर माणूस जातं, आणि तसं होऊ नये म्हणून हे पट्टे रक्ताला खालून वर ढकलत राहतात. एवढं सांगायला किती वेळ लागतो? ब्लाउजला हुक लावायलाही याहून जास्त लागतो. मला आजही राग येतो तो या न बोललेल्या दोन वाक्यांचा.

आणि पाय कोणाचे दाबले जातात? सासूचे, सासऱ्यांचे, घरच्या मोठ्यांचे. सुनेचे नाही. माझ्या सासूबाई स्टुलावर बसून त्या मशीनकडे अशा बघायच्या की मला पडल्या पडल्या अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्या हसत हसत म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हत्या बाप्पा अशा सोयी. हसण्यावारी नेलेलं बोलणंच जास्त टोचतं.

घडीभर

आता मोठे मामाजी. माझे सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. हे त्यांचे थोरले भाऊ. गिरडकडच्या आमच्या मूळ गावी राहतात. घरातलं लग्न, वाटणी, भांडण, सगळं त्यांच्या शब्दावर. माणूस वाईट नाही. माझ्या लग्नात माझ्या वडिलांची बाजू त्यांनीच घेतली होती. पण त्यांच्यासमोर आमच्या घरातली बाई पाय लांब करून बसत नाही. डोक्यावर पदर, पाय मुडपून, अंग चोरून. माझ्या सासूबाई तर त्यांच्याशी आयुष्यात सरळ बोलल्या नाहीत. थोरल्या दिराशी बोलायची रीतच नाही. भाऊजींना जेवायला वाढायचं असलं तरी त्या स्वयंपाकघरातून मला सांगणार आणि मी बाहेर सांगणार, दोघं एका भिंतीच्या अंतरावर असली तरी.

वॉर्डात खाटांची पायथ्याची बाजू दाराकडे होती. म्हणजे जो येईल तो माझ्या पायांशीच उभा राहणार.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपला फोन आला की मोठे मामाजी फाटकापाशी उतरले आहेत. सासूबाई स्टुलावरून ताडकन उठल्या.

"सुनंदा, थे पट्टे काढ अन् पाय मुडप. मोठे भाऊजी येऊन राह्यले."

मी म्हटलं, सिस्टरनं काढायचं नाही म्हणून सांगितलंय.

"घडीभर काढलं तं काय होते? मशीनच हाय, रुसते का?"

मी दिलीपकडे पाहिलं. तो वाकला आणि पट्टे काढले. चिकटपट्टीचा चर्र असा आवाज झाला, तो अजून माझ्या कानात आहे. त्यानं बटण बंद करून मशीनची पिन काढली, आणि त्या मोकळ्या जागेत लगेच कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावला. मी टाके सांभाळत गुडघे वर घेतले. पोटात कळ गेली. सासूबाईंनी माझ्या पायांवरून चादर ओढली आणि तिची कडा गादीखाली खोचली.

मोठे मामाजी कधी म्हणाले नाहीत की सुने, पाय मुडप. म्हणायची गरजच पडत नाही, हीच तर मोठेपणाची सोय. ते आले, माझी चौकशी केली, खुर्ची ओढून बसले. पिकाचं निघालं, पाण्याचं निघालं, कोणाच्या तरी मुलीच्या सोयरिकीचं निघालं. जेवणाच्या वेळेला उठतील असं वाटलं, तर डबा तिथंच उघडला. उन्हं कलली तेव्हा ते गेले. तोवर मी गुडघे मुडपून पडलेली.

पट्टे परत लावायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी सिस्टरनं पाहिलं, ओरडली, लावून गेली. पण मोठे मामाजी येऊन गेले म्हटल्यावर बाकीच्यांना मागे राहून कसं चालेल? आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखंच. गावाहून जीप भरून माणसं आली. केळी, बिस्किटाचे पुडे, नारळपाणी. प्रत्येक खेपेला कोणीतरी मोठं असायचंच, आणि प्रत्येक खेपेला चर्र. शेवटी दिलीपनंच कंटाळून पट्टे गुंडाळले आणि खाटेखाली पिशवीत ठेवून दिले. पुढच्या पाळीतल्या सिस्टरला वाटलं, पेशंट चालायला लागली असेल म्हणून काढले असतील.

मी चालत नव्हते. उठू लागले की चारी बाजूंनी आवाज यायचे, उठू नको, टाके तुटतील, काऊन उठून राह्यली, पडून राह्य. आरामात पड म्हणणारी माणसंच मला आरामात पडू देत नव्हती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच.

मी का नाही अडवलं? हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. पोट फाडलेली बाई, नाकात अजून औषधाचा वास, समोर नवरा, सासू आणि अख्खं सासर. तिनं अडवायचं होतं म्हणे.

तेल

घरी आले तेव्हा डावी पोटरी जड वाटत होती. मग दुखायला लागली. मग सुजली, रंग लालसर निळा, हात लावला तर गरम. मी सासूबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या शीर चढली असंल, पडून पडून होते असं. त्यांनी मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा टाकून तेल कडकडीत गरम केलं, थोडं निवू दिलं, आणि माझ्या पायथ्याशी बसून पोटरी दाबायला लागल्या.

इथं माझ्या रागाची पंचाईत होते. कारण त्यांचे हात मायेचे होते. ज्या बाईला मशीननं सुनेचे पाय दाबलेले पाहवत नव्हते, ती स्वतः खाली बसून सुनेचा पाय दाबत होती. दुपारी जेवण झालं की दाबायच्या, सकाळी उठले की दाबायच्या. अंगठ्यानं खालून वर जोर लावून, जशी बाळंतिणीला मालिश करतात तशी. मला फार दुखायचं आणि तरी डोळ्यांत पाणी यायचं ते त्या दुखण्याचंच नसायचं. गल्लीतल्या बायकांनाही त्यांनी सांगितलं, कौतुकानंच, की सुनेचा पाय मीच दाबून राह्यली.

मग एका सकाळी मी न्हाणीघराकडे निघाले आणि ओसरीतच श्वास संपला. दुसरा शब्दच नाही. हवा होती, मी तोंड उघडत होते, पण श्वास आत जातच नव्हता. छातीत डाव्या बाजूला सुरा खुपसल्यासारखं झालं. घाम आला. आणि एक भीती, जी कशाचीच नव्हती, नुसती भीती. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मला अगदी स्पष्ट कळलं की मी मरते आहे. प्राची कॉलेजला निघाली होती. तिनं बॅग फेकली, बापाला हाक मारली आणि शेजाऱ्यांच्या गाडीत मला बसवलं. देवळी ते वर्धा रस्त्यात ती एकच गोष्ट म्हणत होती, आई, माझ्याकडे बघ. मी बघत होते. दुसरं काही मला करताच येत नव्हतं.

एक वाक्य

दवाखान्यात एका तरुण लेडी डॉक्टरनं माझे दोन्ही पाय उघडे केले, एकाशेजारी एक ठेवले, आणि वर न बघता विचारलं, "हा पाय कोणी दाबला का?"

सासूबाई माझ्या उशाशी उभ्या होत्या. दिलीप म्हणाला, थोडंसं तेल लावलं होतं.

पायाची सोनोग्राफी झाली, छातीचा स्कॅन झाला. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला होता. मला अतिदक्षता विभागात नेलं. तिथल्या भीतीबद्दल फार लिहीत नाही. मशीन वाजली की वाटायचं ही माझीच. शेजारच्या पडद्याआड एक बाई होत्या, एका दुपारी त्या नव्हत्या. मी कोणाला विचारलं नाही.

पण एक सुख सांगते. तिथं भेटायला बंदी होती. काचेपलीकडून प्राची हात हलवायची, तेवढंच. केळी नाहीत, बिस्किटं नाहीत, डोक्यावर पदर नाही. मी पाय लांब करून झोपले. सासरी आल्यापासून इतकी माणसांशिवायची झोप मला मिळाली नव्हती, आणि ती मिळायला फुप्फुस बंद पडायची वेळ यावी लागली.

बरं वाटायला लागल्यावर मी त्या डॉक्टरला सगळं सांगितलं, पट्ट्यांचं, चादरीचं, तेलाचं. विचारलं, पट्टे काढले नसते तर हे झालं नसतं का? तिनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "झालंच नसतं असं मी सांगू शकत नाही. पट्टे असूनही कधीकधी होतं. पण काढायला नको होते, आणि सुजलेला पाय तर मुळीच दाबायला नको होता."

दिलीपनं यातला पहिला भाग उचलला. पट्टे असूनही होतं, डॉक्टरच म्हणाल्या. घरी, फोनवर, गावात, सगळीकडे त्यानं तेच सांगितलं. दुसरा भाग फक्त मला ऐकू आला होता जणू. आमच्यात इतकं भांडण कधी झालं नव्हतं. प्राची मध्ये पडली तर तिला म्हणाला, तू मोठ्यांच्या मध्ये बोलू नको. पुन्हा मोठे.

घरी आल्यावर मोठे मामाजी पाहायला आले. मी पाय उशीवर ठेवून पडले होते. ठेवायलाच सांगितलं होतं. या वेळी मी मुडपले नाहीत. सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या पायांवरून चादर ओढली. मोठे मामाजी म्हणाले, "आता बरी हायस ना, मंग झालं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, बरी आहे, पण तुम्ही आलात म्हणून माझे पट्टे काढले होते. दिलीप म्हणाला, औषधांनी चिडचिड होते तिची. आणि विषय संपला.

मला काय हवं होतं? कोणाला शिक्षा नको होती. मोठे मामाजींनी माफी मागावी असंही नव्हतं. मला एक वाक्य हवं होतं. आमचं चुकलं. त्या घरातल्या कोणीही एकानं म्हणायचं होतं, चालता चालता, भाजी निवडता निवडता, कसंही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मी महिनोन् महिने घेतल्या, घट्ट मोजे घातले, दाढेतून रक्त आलं तरी धास्तावले. ते सगळं सोसलं. ते वाक्य न मिळणं सोसवलं नाही. कारण ते कोणी बोलत नाही याचा अर्थ उद्या परत असंच होणार, मला किंवा माझ्या लेकीला.

ज्यांच्या घरी ऑपरेशन आहे त्यांना

पट्टे लावले की विचारा, हे कशासाठी, कधीपर्यंत, आणि न्हाताना वा चालताना काढले तर परत कोण लावणार. उत्तर मिळेपर्यंत सिस्टरच्या पुढ्यातून हलू नका. चिडतील, चिडू द्या. डॉक्टर उठा म्हणाले की धरून का होईना उठा, चाला. नंतर एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर तेलाची बाटली लपवून ठेवा आणि दवाखाना गाठा. दम लागला, छातीत दुखलं तर एक मिनिटही घरी काढू नका.

आणि भेटायला जाणाऱ्यांनो, जाऊ नका. गेलाच तर उशाशी उभे राहा, चौकशी करा आणि निघा. आजाऱ्याचे पाय तुमच्याकडे असतील तर तो तुमचा अपमान नाही.

चादर

गेल्या हिवाळ्यात सासूबाई अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना तोच. ऑपरेशननंतर त्यांना वॉर्डात आणलं तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर तेच पट्टे होते. डावी भरायची, सुटायची, मग उजवी. मी तिथंच उभी होते आणि माझी डावी पोटरी आपोआप आवळली.

या वेळी सोबतीला मी होते. सिस्टरना इतके प्रश्न विचारले की त्या मला बघून वाट बदलायला लागल्या. मशीनच्या बटणापाशी कोणाचा चार्जर दिसला की काढून त्याच्या हातात द्यायचे. सासूबाई सगळं बघायच्या. पट्टे कशासाठी ते मी त्यांना सांगितलं होतं, दोन वाक्यांत, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली होती.

मग दिलीपला फोन आला. मोठे मामाजी खाली आले आहेत, लिफ्टनं वर येताहेत.

सासूबाईंचा हात पहिल्यांदा पदराकडे गेला आणि मग गुडघ्याकडे. ऑपरेशनचा पाय हलायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी दुसरा ओढायचा प्रयत्न केला. कळवळल्या. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "घडीभर काढतं का?"

मी नाही म्हणाले. म्हटलं, माझ्यावर रुसा, पण हे निघणार नाहीत. दिलीप पुढे आला तर त्यालाही हात आडवा केला. खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात त्यांच्याविषयी दया नव्हती. मला वाटत होतं, घ्या, आता कळेल पाय लांब करून मोठ्यांसमोर पडणं काय असतं. मी खुर्ची उचलून उशाशी ठेवली, पायथ्याशी बसायला काही ठेवलंच नाही. सासूबाईंनी चादर तेवढी पायांवर ओढून घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मोठे मामाजी काठी टेकत आले आणि सवयीप्रमाणे पायथ्याशीच उभे राहिले. आता तेही थकले आहेत. चादरीखाली काहीतरी फुगून खाली बसत होतं. त्यांनी ते थोडा वेळ पाहिलं आणि दिलीपला विचारलं, हे काय लावलं हाये.

दिलीपनं तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता मला माहीत आहे. पण त्याच्या आधी सासूबाई बोलल्या. भिंतीकडचं तोंड त्यांनी वळवलं, पदर कपाळापर्यंत ओढला, आणि सरळ भाऊजींकडे बघून बोलल्या.

"पायातलं रक्त गोठू नये म्हणून हाये थे. सुनंदाले बी होतं. तुमी आले म्हणून म्याच काढाले लावलं. अन् मंग पाय सुजला तं दाबला बी म्याच. मरत होती थे."

त्यांचा आवाज मोठे मामाजींनी इतक्या वर्षांत कदाचित पहिल्यांदाच भिंतीशिवाय ऐकला असेल. दिलीप खिडकीबाहेर बघत राहिला. मशीननं डावी पोटरी भरली, सोडली, उजवी भरली. मग मोठे मामाजी काठी टेकत खाटेला वळसा घालून उशाशी गेले आणि मी ठेवलेल्या खुर्चीत बसले. "मंग मी अठीच बसतो," म्हणाले. ते सासूबाईंनाच म्हणाले, मला किंवा दिलीपला नाही.

मला हवं होतं ते वाक्य सासूबाई बोलल्या, पण ते मला सांगितलेलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या पायांवर वेळ आली तेव्हाच का सुचलं, हेही माझ्या मनात आलं, आणि तो राग अजून तसाच आहे. मी पायथ्याशी गेले, पट्ट्यांच्या नळ्या नीट केल्या. मग त्यांच्या पायांवरची चादर काढली आणि घडी करून कपाटात ठेवली. त्यांनी ती परत मागितली नाही.